आयुष्यात एकदाच

सॅगर्टच्या आमच्या घरामागे कपडे वाळत घालताना दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावं लागतं. एक आभाळ आणि दुसरी माझी बारा वर्षांची लेक. आभाळाचं तुम्हांला सांगायला नकोच. लेकीचं असं, की एन-सेव्हन रस्त्यापलीकडच्या बॅल्डोनेलवरून विमान उठलं की हातातला ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून ती मान वर करून उभी राहते. "आई, पीसी-नाइन," एवढंच म्हणते. नुसत्या आवाजावरून ओळखते.

हे वेड तिला आजोळकडून आलं. माझे बाबा ओझरला एचएएलमध्ये होते. मिग विमानांसाठी १९६४ साली उभा राहिलेला तो कारखाना म्हणजे आमच्या घराचा पोशिंदा. आमच्या लहानपणी वर्गावरून विमान गेलं की बाई बोलायच्या थांबायच्या, आवाज विरला की तेच वाक्य तिथूनच पुढे. पुढे मी नाशिकच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा मीही तशीच थांबायचे, फक्त तोवर मिगच्या जागी सुखोई आलं होतं. २०२५ च्या सप्टेंबरात मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, त्या दिवशी बाबांचा फोन आला. म्हणाले, "चला, आता आम्ही दोघंही पेन्शनर."

पण हा लेख बाबांबद्दल नाही, ताईच्या मुलाबद्दल आहे.

तो पाचवीत माझ्याच वर्गात होता. शाळेत मला "बाई" म्हणायचं आणि घरी "मावशी", हे त्याला नीट जमायचं. वहीच्या मागच्या पानावर विमानं काढायचा. मी त्याला रागवायचे आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना तीच पानं दाखवायचे. "हा पायलट होणार," असं मी किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. आठ वर्षांपूर्वी आम्ही इकडे आलो. बारावीनंतर तो एनडीएची लेखी परीक्षा पास झाला तेव्हा त्याच्या कोचिंग क्लासचे निम्मे पैसे मी इथून पाठवले. गेल्या जानेवारीत तो हवाई दलाच्या निवड मंडळापुढे गेला. पाच दिवसांनी ताईचा मेसेज आला, "रेकमेंड झाला!" मी डाळ-तांदूळ भिजत टाकलेले तसेच ठेवून शिरा केला.

दुसऱ्या रात्री साडेबाराला, म्हणजे तिकडच्या पहाटे सहाला, त्याचा फोन आला. "मावशी, मशीनवर फेल झालो. आता कधीच नाही."

मला वाटलं, मुलगा खचलाय म्हणून "कधीच नाही" म्हणतोय. पुन्हा दे, असं मी म्हटलंसुद्धा. तो गप्प राहिला. फोन ठेवल्यावर मी वाचत बसले, तेव्हा कळलं की ते अक्षरशः खरं आहे. भारतीय हवाई दलात वैमानिक होण्यासाठी जी चाचणी असते ती आयुष्यात एकदाच देता येते. एनडीएतून गेलात, पदवीनंतर गेलात, कुठूनही गेलात तरी एकदाच. त्यात नापास झालेला उमेदवार पुन्हा फ्लाइंग ब्रँचसाठी उभाच राहू शकत नाही. दहावीला एटीकेटी देणाऱ्या आपल्या समाजाला हे पचणं अवघडच.

मग ही निवड होते तरी कशी? आपल्या घरांतून या वाटेनं जाणारी मुलं थोडी, म्हणून जरा तपशिलात सांगते.

पहिले पाच दिवस एसएसबीचे. आर्मी, नेव्ही, एअरफोर्स तिघांचा साचा एकच. पहिल्या दिवशी बुद्धिमापनाची चाचणी आणि एक धूसर चित्र पाहून गोष्ट लिहिणं, मग गटात चर्चा. अर्ध्याहून अधिक मुलं त्याच दुपारी "स्क्रीन आउट" होऊन परतीच्या गाडीला लागतात असं भाचा सांगायचा. जे उरतात त्यांच्या छातीवर नंबर लागतो आणि मग पाच दिवस नाव नाहीच, नंबर हेच नाव.

दुसरा दिवस मानसशास्त्रज्ञाचा, आणि मराठीची शिक्षिका म्हणून मला सगळ्यांत गंमत त्याची वाटली. बारा चित्रं. प्रत्येक तीस सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. बारावं चित्र म्हणजे कोरा पडदा, तिथे तुमचं तुम्ही काय पाहायचं ते पाहा. मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते पहिलं वाक्य लिहायचं. मग साठ प्रसंग, अर्ध्या तासात. जंगलातून जाताय आणि समोर अमुक झालं, तर काय कराल? शेवटी पंधरा मिनिटांत आपल्याबद्दल लिहायचं: आईवडिलांना तुमच्याबद्दल काय वाटतं, मित्रांना काय वाटतं, शिक्षकांना काय वाटतं. वेळ इतका कमी, की नटायला सवड मिळत नाही. चित्रावरून गोष्ट सांगायची पद्धत १९३० च्या दशकात हार्वर्डमध्ये हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी बसवली. समज अशी, की चित्र अर्धवट असलं की उरलेलं माणूस स्वतःच्या आतून भरतो.

आता कोचिंग क्लासनं यावर काय तोडगा काढावा? भाच्याला चाळीस तयार गोष्टी पाठ करायला दिल्या होत्या. चित्रात पाणी दिसलं की पुरात अडकलेल्यांना वाचवणारा नायक, माणसांचा घोळका दिसला की गावात रक्तदान शिबिर. त्यानं त्या वाचून दाखवल्या तेव्हा मला हसूच फुटलं. ही तर आमची गाइडं! "मी पक्षी झालो तर" आणि "पाऊस पडला नाही तर" हे निबंध मी सहा वर्षांत हजारभर तपासले असतील. गाइडातला निबंध पहिल्याच ओळीत ओळखू येतो, आणि ज्या एखाद्या पोरानं "पक्षी झालो तर मामाच्या अंगणातले पापड खाईन" असं लिहिलंय त्याचं नाव आज पंधरा वर्षांनीही आठवतं. मी इतक्या सहज ओळखत असेन, तर रोज त्याच चित्रांवरच्या गोष्टी वाचणारा मानसशास्त्रज्ञ ओळखणार नाही? मी त्याला सांगितलं, ते चाळीस कागद नाशिकलाच ठेवून जा. त्यानं ऐकलं. हा एवढाच सल्ला मी बरोबर दिला म्हणायचा.

पुढचे दोन दिवस मैदानावर. गटानं फळ्या, दोर आणि लाकडी ओंडके घेऊन अडथळे ओलांडायचे. कोण हुकूम सोडतो, कोण ऐकतो, कोण गुपचूप दोर धरून ठेवतो, हे अधिकारी वहीत लिहीत असतो. मध्ये केव्हा तरी तासभर मुलाखत. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स: मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी, तिघं आपापलं स्वतंत्र मत घेऊन एकत्र बसतात. पंधरा गुण पाहिले जातात. एसएसबीच्या जगात याला "मनसा, वाचा, कर्मणा" म्हणतात. कागदावर जे विचार केले, तोंडानं जे सांगितलं आणि हातानं जे केलं ते जुळतंय का, एवढंच पाहायचं.

हा साचा मूळचा आपला नव्हे. दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मन सैन्यात अधिकारी निवडण्यासाठी मानसशास्त्रज्ञ बसवले होते. त्यावरून ब्रिटिशांनी १९४२ मध्ये आपली निवड मंडळं काढली, आणि नेता न नेमता गटाला काम देऊन पाहण्याची युक्ती विल्फ्रेड बायन या मनोविकारतज्ज्ञाची. १९४३ मध्ये तेच डेहराडूनला आलं. ब्रिटिश गेले, साचा राहिला.

आणि या सगळ्यातून पार पडल्यावर वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी येतं ते मशीन.

जुन्या पद्धतीत याचे तीन भाग होते. आधी कागदावर विमानातल्या डायलांची माहिती देतात आणि ती ताजी असतानाच विचारतात: हे काटे असे आहेत, तर विमान कुठल्या बाजूला कललंय, वर चाललंय की खाली? दुसऱ्या भागात पडद्यावर प्रकाशाचा ठिपका पळत असतो. हातातल्या जॉयस्टिकनं आणि पायातल्या पेडलनं त्याला मधोमध धरून ठेवायचं, आणि त्याच वेळी कडेला लाल दिवा लागला किंवा कानात आवाज वाजला की दुसऱ्या हातानं तो बंद करायचा. तिसऱ्यात सरकत्या वाटेवरचे ठिपके जॉयस्टिकनं टिपत जायचे. आता हे सगळं संगणकावर असतं, "सीपीएसएस" म्हणतात. तत्त्व तेच. डोळे, कान, दोन हात, दोन पाय, सगळ्यांना एकदम वेगवेगळं काम द्यायचं आणि गोंधळ किती उडतो ते मोजायचं.

तुम्ही म्हणाल, आपण बायका रोज सकाळी हेच करतो. एका गॅसवर पोहे, दुसऱ्यावर दूध, पोराचा शाळेचा टाय आणि कानाशी सासूबाईंचा फोन. मीही हेच म्हणाले. भाचा म्हणाला, "मावशी, दूध उतू गेलं तर गॅस पुसता येतो."

एकदाच का, याचं कारणही मग लक्षात आलं. पाहायचं असतं ते हे, की पूर्वी कधी न केलेली गोष्ट तुम्ही किती पटकन उचलता. दुसऱ्यांदा बसलात तर मोजला जाईल तो सराव. शिवाय लढाऊ वैमानिक घडवायला अफाट खर्च येतो आणि जेटच्या वेगात चूक सुधारायला पुन्हा वेळ मिळत नाही. पटतं. पहाटे सहाला रडणाऱ्या मुलाला मात्र हे सांगवत नाही.

बरं, अशा चाचण्यांचा उपयोग होतो का? शिक्षिकेच्या मनात हा प्रश्न येणारच. आपण पेपर काढतो, मार्क देतो, पण पेपर बरोबर होता की नाही हे कोण तपासतं? पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये उमेदवाराच्या कानाजवळ अचानक पिस्तूल उडवून त्याचा हात किती थरथरतो ते मोजत. ब्रिटिशांना चांगला घोडेस्वार म्हणजे चांगला वैमानिक असं वाटायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जॉन फ्लॅनॅगन या मानसशास्त्रज्ञानं खरी परीक्षा घेतली ती चाचणीचीच. हजाराहून अधिक मुलांची चाचणी घेतली आणि मार्क बाजूला ठेवून पास-नापास सगळ्यांना प्रशिक्षणाला पाठवलं. वरच्या श्रेणीतले बहुतेक वैमानिक झाले, तळातले बहुतेक गळाले. म्हणजे हातापायांचा मेळ, काटे वाचण्याची चपळाई या गोष्टी मोजता येतात आणि त्यावरून पुढचा अंदाजही बांधता येतो.

माणसाच्या स्वभावाचं तसं नाही. डॅनिएल कानेमान यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते तरुणपणी इस्रायलच्या सैन्यात होते आणि तिथे ब्रिटिशांकडून आलेलं हेच काम करत. आठ अनोळखी मुलं, एक लांब ओंडका, एक भिंत. ओंडका भिंतीला किंवा जमिनीला न टेकवता पलीकडे न्या. कानेमान आणि सहकारी पाहत आणि छातीठोक सांगत: हा जन्मजात नेता, हा नुसता हट्टी. मग अधिकारी प्रशालेकडून निकाल कळायचे आणि दिसायचं, की यांचा अंदाज नुसत्या ठोकताळ्यापेक्षा थोडाच बरा. खरी गंमत पुढे आहे. हे कळल्यावरही दुसऱ्या दिवशी नवी मुलं मैदानात उतरली की यांना पुन्हा तितक्याच खात्रीनं नेते दिसू लागत! हे वाचून मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले. "हा पायलट होणार" हे मी असंच म्हणाले होते ना? वहीच्या मागच्या पानावरून?

कानेमान यांचीच आणखी एक गोष्ट तर प्रत्येक शिक्षकानं वाचावी अशी आहे. विमान चालवायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना ते सांगत होते, की शाबासकीनं माणूस जास्त शिकतो. एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला, साफ चूक. उत्तम कसरत केलेल्याला शाबासकी दिली की पुढच्या खेपेला तो बिघडतो, वाईट केलेल्यावर ओरडलं की सुधारतो. कानेमान यांनी त्यांना पाठमोरं उभं करून नाणी फेकायला लावली. पहिल्यांदा अगदी जवळ फेकलेल्याचं दुसरं नाणं बहुधा लांब गेलं, लांब फेकलेल्याचं जवळ आलं. कोणी ओरडलं नव्हतं, शाबासकीही दिली नव्हती. फार चांगल्यानंतर थोडं कमी आणि फार वाईटानंतर थोडं बरं, असं आपोआपच होतं, आणि श्रेय आपण आपल्या छडीला देतो. माझ्या सहा वर्षांच्या नोकरीतल्या किती छड्या, म्हणजे शब्दांच्याच, अशा फुकट गेल्या असतील!

युरोपात राहणाऱ्या आपल्याला आणखी एक घटना आठवत असेल. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकानं विमान आल्प्समध्ये मुद्दाम आदळवलं, दीडशे माणसं गेली. त्यानंतर युरोपीय संघानं नियम केला आणि फेब्रुवारी २०२१ पासून तो लागू झाला: विमान कंपनीनं वैमानिकाला प्रवासी विमानावर पाठवण्याआधी त्याचं मानसशास्त्रीय मूल्यमापन केलंच पाहिजे. पण दोन गोष्टींची गल्लत करू नये. कोणाला विमान चालवणं जमेल हे शोधणं वेगळं, आणि कोणाचं मन आजारी आहे हे ओळखणं वेगळं. दुसऱ्याची अडचण अशी, की आजार सांगितला तर नोकरी जाईल या भीतीनं माणूस तो लपवतो. आपल्या घरांतून हे लपवणं किती सराईतपणे चालतं, ते मी वेगळं लिहायला नको.

इथे आयर्लंडमध्येही एअर कोअरच्या कॅडेटला ऑनलाइन सायकोमेट्रिक चाचण्या, फिटनेस, गटातली कामं, मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि वैमानिकाची अॅप्टिट्यूड चाचणी यांतून जावं लागतं. मग करागला सैनिकी शिक्षण आणि त्यानंतर बॅल्डोनेलला पीसी-नाइनवर उड्डाण. देश लहान, जेट लढाऊ विमानं नाहीतच. पण याच बॅल्डोनेलवरून एप्रिल १९२८ मध्ये "ब्रेमेन" विमान उडालं आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे न थांबता अटलांटिक ओलांडणारं ते पहिलं विमान ठरलं. त्यात एअर कोअरचे जेम्स फिट्झमॉरिस होते. लेकीला हे पाठ आहे.

तिचा पासपोर्ट आता आयरिश. भारतीय हवाई दलाचं दार तिला बंद, बॅल्डोनेलचं उघडं. खडकवासल्याहून २०२५ च्या मेमध्ये मुलींची पहिली तुकडी, सतराजणी, बाहेर पडली तो व्हिडिओ आम्ही दोघींनी पाहिला. ती म्हणाली, "मी इथून करीन." आजोबांना फोनवर सांगितलं तर क्षणभर शांतता. मग, "तिकडच्या सैन्यात?" आणि पुन्हा थोड्या वेळानं, "त्यांचं विमान कुठलं म्हणालीस? इंजिन कोणाचं?" म्हणजे परवानगी मिळाली असं आम्ही धरलं. मी मात्र तिला "तू पायलट होणार" असं अजून एकदाही म्हटलेलं नाही. तोंडाशी येतं, गिळते.

भाच्याकडे वळते. रेकमेंड झालेला असल्यानं आर्मी-नेव्हीचा रस्ता त्याला तेव्हाही खुला राहिला असता, पण फॉर्म भरताना या पठ्ठ्यानं एअरफोर्सशिवाय दुसऱ्या कशालाच पसंती दिली नव्हती. "पायलट नाही तर काही नाही." हे वाक्य त्यानं कोणाकडून उचललं ते मला माहीत आहे. तो चार महिने घराबाहेर पडला नाही. ताई रोज रात्री फोन करून विचारायची, काय बोलू त्याच्याशी? मी तिला अब्दुल कलामांचं सांगितलं. तरुणपणी हवाई दलात जायला डेहराडूनच्या निवड मंडळापुढे ते गेले, पंचवीसजणांत नववे आले, आणि जागा होत्या आठ. पुढे राष्ट्रपती असताना २००६ मध्ये पुण्याच्या लोहगावहून सुखोईत बसून आले, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. ताईनं ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई, म्हणजे मी अजून पंचावन्न वर्षं थांबू?" ताई रडत हे सांगत होती, पण मला बरं वाटलं. चार महिन्यांत त्यानं केलेला तो पहिला विनोद होता.

जूनमध्ये त्यानं पुन्हा फॉर्म भरला. या वेळी आर्मी आणि नेव्ही. दिवाळीनंतर मुलाखत आहे. मागच्या आठवड्यात फोन आला.

"मावशी, ते पंधरा मिनिटांचं असतं ना, शिक्षकांना माझ्याबद्दल काय वाटतं? मागच्या वेळी मी मनानंच लिहिलं होतं. या वेळी म्हटलं खरंच विचारावं. बाई म्हणून सांग, मावशी म्हणून नको."

मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी घड्याळ लावून बसले. पंधरा मिनिटांतली पहिली सहा कागदाकडे बघण्यातच गेली. मग लिहिलं: "अक्षर वाईट. चूक दाखवली तर वाद घालतो, पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून दुरुस्त करून आणतो. डब्यातलं वाटून खातो. शेजारच्याला उत्तर सांगितल्याबद्दल दोनदा शिक्षा, दोन्ही वेळा कबुली. खेळात हरला तर अर्धा तास कोणाशी बोलत नाही, मग पुन्हा खेळायला येतो." फोटो काढून पाठवला.

लगेच उत्तर आलं. "अर्धा तास नाही बाई. चार महिने. दुरुस्त करा."

मी खोडून तसं लिहिलं आणि पुन्हा फोटो पाठवला.